संभाजीनगरात नवीन आलात? बाहेर खायचं असेल तर आधी घड्याळ बघा

जून-जुलै आला की शहरात नवीन माणसांची भर पडते. बीड, परभणी, हिंगोलीकडून पोरंपोरी ॲडमिशनला येतात, वाळूज नाहीतर शेंद्र्याच्या कंपनीत जॉइन झालेले बाहेरचे लोक रूम शोधत फिरतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "इथं चांगलं खायला कुठं मिळतं?" याच्यावर कुणी फटकन एका हॉटेलचं नाव सांगितलं तर लगेच तिकडं पळू नका. कारण या शहरात कुठं खायचं हे किती वाजलेत त्याच्यावर ठरतं. सकाळी ज्या गाड्यावर उभं राहायला जागा नसते तो बारा वाजता धुऊनपुसून गेलेला असतो, आणि रात्री नऊला ज्या गल्लीत चालता येत नाही तिथं दुपारी कुत्रं दिसत नाही. मोबाईलवर रेटिंग बघून दुपारी चारला जेवायला निघालात तर एसीतली पनीर बटर मसाला तेवढी मिळेल, जी देशात कुठंही मिळते.

तर एकेक करून बघू.

पहिलं : एरिया डोक्यात बसवा

गुलमंडी, औरंगपुरा, सिटी चौक, शहागंज, बुढी लेन हे जुनं शहर. चाट, मिठाई, नान-खलिया, बिर्याणी सगळं इकडं, पण चारचाकी घेऊन आत जायच्या भानगडीत पडू नका, पैठण गेटच्या आसपास गाडी लावा आणि चालत जा, नाहीतर सरळ रिक्षा करा. निराला बाजार, समर्थनगर, उस्मानपुरा म्हणजे मधला पट्टा, इथं कॅफे, ज्यूस, सँडविच, डोसा आणि कॉलेजची गर्दी. सिडकोवाल्यांसाठी कॅनॉट आणि टीव्ही सेंटर, दोन्हीकडं संध्याकाळनंतर जान येते. बीड बायपासला आणि दौलताबादच्या रोडला ढाबे, गार्डन रेस्टॉरंट. आणि वाळूजला राहत असाल तर रोज शहरात यायचं स्वप्न सोडून द्या, तिकडं शिफ्टवाल्या कामगारांमुळं खानावळी आणि नाष्टा सेंटर भरपूर आहेत, शहरात यायचं ते रविवारी. (तिकडं बजाजनगरजवळ पंढरपूर नावाचा एक भाग आहे, रिक्षावाला पंढरपूर पंढरपूर ओरडायला लागला तर घाबरू नका, तो सोलापूर जिल्ह्यातल्या विठोबाकडं नाही नेत.)

दुसरं : बोर्ड वाचायला शिका

बोर्डावरून अर्धं काम होतं. "नाष्टा सेंटर" म्हणजे उभ्यानं खा आणि निघा. "भोजनालय", "खानावळ", "मेस" म्हणजे पोळी-भाजी-वरण-भात, जास्त चॉइस नाही पण पोट भरतं. "शुद्ध शाकाहारी" लिहिलंय तिथं अंडंसुद्धा विचारू नका. "फॅमिली रेस्टॉरंट" लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात "परमिट रूम" पण लिहिलंय, तर आई-वडील सोबत असताना आधी स्वतः आत डोकावून या, काही ठिकाणी वरचा मजला खरंच फॅमिलीचा असतो आणि काही ठिकाणी फक्त मध्ये एक पडदा असतो. "ढाबा"चंही तसंच. संध्याकाळी सातला बाहेर कुणाच्या गाड्या उभ्या आहेत ते बघा. लेकराबाळांसकट माणसं उतरायलेत तर बिनधास्त जा.

तिसरं : सकाळी गाड्यावर

सात ते साडेदहा. नवीन माणसाला ही वेळ सगळ्यात सेफ, कारण माल ताजा, गिऱ्हाईक जास्त, आणि चुकलं तरी वीस-तीस रुपयाचाच विषय. पोहे, उपमा, इडली-वडा, समोसा, भजे. इडली-वड्याचे गाडे तर गल्लोगल्ली, सांबार थोडं पातळच असतं पण चटणी परत परत मिळते, लाजायचं नाही, प्लेट पुढं करायची.

भज्याच्या गाड्यावर मात्र एक बघायचं. परातीत आधीच तळून ठेवलेल्या भज्यांचा ढीग दिसला आणि गाडेवाला त्याच्यातलेच पुन्हा तेलात बुडवून द्यायला लागला तर "दादा, नवीन घाण्याचे द्या" म्हणायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. तो पीठ चिमटीत धरून कढईत सोडतो, भजे खाली जाऊन टम्म होऊन वर येतात, झाऱ्यानं एकदा फिरवतो, निथळतो आणि कागदावर टाकतो, वरून मिठात घोळवलेली तळलेली मिरची. ते भजे आणि मघाचे परातीतले, दोघांचा एकाच जातीत हिशोब होऊ शकत नाही. आणि तेलाचा रंग बघा, चहासारखं काळपट झालेलं दिसलं तर पोहे घ्या.

चहाला काही शिकवायची गरज नाही. दोघात एक घेतला तरी कुणी तोंड वाकडं करत नाही, "वन बाय टू" म्हटलं की झालं.

चौथं : दुपारचं जेवण, आणि मेसचं राजकारण

एखाद-दुसऱ्या दिवसाचा प्रश्न असेल तर थाळी. विचारताना नीट विचारा, "लिमिटेड का अनलिमिटेड?" राइस प्लेटमध्ये पोळ्या मोजून असतात, भाजीची वाटी परत भरायला पैसे लागतात. अनलिमिटेड थाळीत वाढपी येत राहतो, पण शेअर करता येत नाही, एक थाळी सांगून दोघं खायला बसलात की मॅनेजर काउंटरवरून उठतोच. आणि स्वीट अनलिमिटेड मध्ये आहे का एकच वाटी, हे आधी विचारलेलं बरं, बासुंदीच्या दुसऱ्या वाटीवर बिलात एक्स्ट्रा ओळ दिसते तेव्हा जेवणाची मजा जाते.

राजस्थानी-गुजराती थाळीची हॉटेलं बस स्टँडच्या भागात आणि जालना रोडला चांगली चालतात, पाहुणे आले की लोक तिकडंच नेतात. मला विचाराल तर पाहुण्यांना ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, शेंगदाण्याची चटणी नाहीतर येसराची आमटी खाऊ घाला, गुजराती थाळी त्यांना त्यांच्या गावातही मिळते. फक्त भाकरीच्या हॉटेलात गेल्या गेल्या पहिलं वाक्य "भाकरी किती जणांच्या टाकायच्या" याचं उत्तर असलं पाहिजे, कारण भाकरी थापून यायला वेळ लागतो, भाजी आल्यावर भाकरी सांगितली तर दोन्हीतलं एक गार खावं लागतं.

आता महिन्याची मेस लावणार असाल तर पैसे द्यायच्या आधी दोन टाइम तिथं रोख देऊन जेवा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री उशिरा, म्हणजे साडेनऊच्या पुढं. दुपारी सगळ्याच मेस चांगल्या असतात. रात्री उशिरा भाजीत पाणी वाढलंय का, पोळ्या उरल्यात का, वरणाच्या डब्याचा तळ लागलाय का, तेव्हा खरी मेस कळते. मग हे विचारा :

खाडा कसा धरता? म्हणजे तुम्ही गावाकडं गेलात तर त्या दिवसांचे पैसे कापतात का पुढं ढकलतात, आणि किती दिवस आधी सांगायचं. बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवसांचा खाडा धरतच नाहीत, सलग चार-पाच दिवस गेलात तरच. दिवाळीत मेस बंद राहिली तर ते दिवस कुणाच्या अंगावर? रविवारी संध्याकाळी बंद असते का? (बहुतेक असतेच, दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी, म्हणून रविवारी रात्री शहरातली सगळी विद्यार्थी जनता रस्त्यावर.) एकादशी, चतुर्थीला उपवासाचं मिळतं का? डबा लावला तर कोण आणून देतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कार्ड. कार्डावर रोज टिक करून घ्या, "नंतर मांडू" म्हणाले की मांडलं जातं, पण दोनदा.

ॲडव्हान्स तीन महिन्यांचा मागणाऱ्या मेसला नमस्कार. महिना-महिना द्यायचं.

पाण्याचं पण बोलून घेतो. शहराला पाणी येतं जायकवाडीहून आणि नळाला रोज येत नाही, मध्ये काही दिवसांची गॅप असते, त्यामुळं हॉटेलांचं बरंच काम टँकर आणि जारवर चालतं. टेबलावरचा जग बघून "जारचं आहे का?" एवढं विचारायला काही हरकत नाही. पहिले पंधरा दिवस पोट सांभाळायचं असेल तर स्वतःची बाटली, आणि उघड्यावरच्या पाणीपुरीवाल्याशी जरा उशिरा ओळख केलेली बरी.

पाचवं : नॉनव्हेज, आणि नान-खलिया

आधी वार. सोमवार, गुरुवार, शनिवारी अर्धी जनता खात नाही, श्रावणात तर विचारूच नका. याचा उलटा अर्थ असा की बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी नॉनव्हेजच्या हॉटेलात गर्दी असते आणि मालही ताजा निघतो. सोमवारी मटण थाळी खायची असेल तर जरा मोठ्या, कायम चालणाऱ्या ठिकाणीच.

काळ्या मसाल्याच्या मटण थाळीत साधारण सुकं, रस्सा, अळणी (मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी), भाकरी आणि भात येतो. रस्सा परत मागता येतो, पीस परत येत नाहीत. अळणी गार व्हायच्या आत आधी पिऊन टाका. आणि "तिखट कमी" म्हणालात तरी फार फरक पडत नाही, रस्सा सकाळीच झालेला असतो, त्यापेक्षा वरची तर्री बाजूला काढून द्यायला सांगा.

नान-खलिया. ह्याच्यासाठी लोक बाहेरगावाहून येतात. मुहंमद बिन तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा एवढ्या मोठ्या लष्कराला एकदम जेवू घालायला हा प्रकार निघाला असं सांगतात. गोष्ट खरी का सांगोवांगी ते इतिहासवाले बघतील, पण पदार्थ बघितला की पटतं, कारण सगळंच घाऊक आहे. नान भट्टीत शंभरानं निघतात आणि खलियाचं पातेलं माणूस बसेल एवढं.

कसं खायचं ते सांगतो. नान म्हणजे पंजाबी हॉटेलातला बटर नान नाही. जाडसर, मऊ, वरून हळदीच्या पाण्याचा हात फिरवल्यामुळं पिवळट, कडेला थोडा चिवट, भट्टीतून निघून अर्धा-एक तास झाला तरी चालतो. खलिया म्हणजे पातळ रस्सा, वर लाल तेलाचा थर. नान मोडून त्याच्यात टाकायचा, मिनिटभर मुरू द्यायचा, मग खायचा, कोरडा बुडवून बुडवून खाल्ला तर अर्धी चव हुकते. दोन माणसात तीन नान आणि दोन प्लेट खलिया घ्या, कमी पडलं तर परत सांगता येतं.

ऑर्डर द्यायच्या आधी एक विचारायचंच, "छोटे का है या बडे का?" छोटं म्हणजे बकऱ्याचं, बडं म्हणजे म्हशीचं. कुणाला चालतं कुणाला नाही, विचारल्याचा इथं कुणालाही राग येत नाही, उलट वेटर स्वतःहून सांगतो. जुन्या शहरात वेटरशी हिंदीत बोललात तर काम पटकन होतं, आपली ती दखनी वळणाची हिंदी, "नको", "हौ", "काइको" सगळं चालतं तिच्यात. निजामाचं राज्य इथं 17 सप्टेंबर 1948 पर्यंत होतं, त्यामुळं ताटात आणि बोलण्यात हैदराबाद थोडं उरलेलंच आहे. नांदेडला गेलात तर बिर्याणीत ते अजून जास्त दिसेल.

व्हेजवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही, पण खलियाच्या हॉटेलात "व्हेज काय आहे" विचारू नका. डाळफ्राय मिळेल, आणि ती कशी असेल ते तुम्हाला माहितीये.

सहावं : संध्याकाळ, चाट आणि कॅफे

पाच वाजले की गुलमंडी-औरंगपुऱ्यात चाट, कचोरी, आणि मिठाईच्या दुकानात गरम इमरती. इमरती किलोवर विचारत बसू नका, शंभर ग्रॅम मागा, उभ्यानं खा. जिलेबीपेक्षा मऊ आणि उडदाच्या डाळीची असल्यामुळं लवकर पोट भरते. ह्याच भागात दसरा-दिवाळीच्या आधी खरेदीची इतकी गर्दी असते की खायला म्हणून त्या दिवसांत मुद्दाम जाऊ नये.

कॅफेचं मी थोडक्यात सांगतो, मला स्वतःला दीडशेची कोल्ड कॉफी पचत नाही. निराला बाजार, उस्मानपुरा, कॅनॉट, प्रोझोन मॉलकडं भरपूर आहेत. बसून अभ्यास किंवा लॅपटॉपवर काम करायचं असेल तर दुपारी बारा ते चार जा, जागा रिकामी असते आणि कुणी उठवत नाही. संध्याकाळी सातला चार जणात एक कोल्ड कॉफी घेऊन दोन तास बसलात तर वेटर तीनदा टेबल पुसायला येईल, तेव्हा समजून घ्यायचं. काही ठिकाणी माणशी कमीत कमी इतकं बिल असा नियम असतो, तो आत शिरतानाच भिंतीवर बघा. आणि ज्या कॅफेत केबिन, पडदे, अंधार असला प्रकार आहे तिथं फिरकू नका, अशा ठिकाणी पोलीस अधूनमधून येतात, आणि मग घरी फोन जातो.

सातवं : बिल आलं की वाचायचं

लोक बिल वाचत नाहीत, नुसता खालचा आकडा बघून क्यूआर स्कॅन करतात. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी 5 टक्के, म्हणजे 2.5 सीजीएसटी आणि 2.5 एसजीएसटी. एसी असो की नसो, तेवढाच. 18 टक्के लावलाय तर विचारा, तो महागड्या लॉजिंगवाल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला लागतो, चौकातल्या व्हेज-नॉनव्हेजला नाही. बिलावर जीएसटी नंबर हवा, महाराष्ट्राचा नंबर 27 नं सुरू होतो. नंबरच नाही आणि तरी टॅक्स लावलाय, तर तो टॅक्स द्यायचा नाही. आणि बिलावर कंपोझिशनवाले (छोट्या धंद्यांच्या ठोक टॅक्सच्या योजनेतले) असल्याचं लिहिलेलं असेल तर त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. फूड लायसन्सचा 14 आकडी नंबरही बिलावर असायला पाहिजे.

सर्व्हिस चार्ज ही वेगळी भानगड. तो सरकारी टॅक्स नाही, हॉटेलवाल्यानं स्वतः लावलेला असतो आणि द्यायचा की नाही ही तुमची मर्जी. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं सांगितलं की बिलात आपोआप लावायचा नाही, हॉटेलवाले कोर्टात गेले, मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानं ते नियम कायम ठेवले. आपल्याकडं साध्या हॉटेलात हा प्रकार कमी, पण मोठ्या ठिकाणी दिसतो. एका ठिकाणी मॅनेजर मला म्हणाला, "सर, तो कंपल्सरी आहे, सिस्टिममधून निघत नाही." मी म्हटलं निघेपर्यंत बसतो. पाच मिनिटांत निघाला. आवाज चढवायचा नाही, फक्त खुर्चीवरून उठायचं नाही. तरीही नाहीच ऐकलं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, नुसता नंबर लावायला घेतला तरी बऱ्याचदा काम होतं.

टिपचं दडपण घेऊ नका. नाष्टा सेंटर, मेस, गाडा इथं टिप नसतेच. बसून जेवलात आणि वाढप्यानं नीट वाढलं तर बडीशेपच्या वाटीत दहा-वीस रुपये. आणि ती नोटेनं द्या, फोनपेवर दिलेली मालकाच्या खात्यात जाते.

आठवं : रात्री, आणि सीझन बघून

अकराच्या आत जेवण उरकेल असं निघा. त्यानंतर रेल्वे स्टेशन, बस स्टँडच्या बाजूला थोडंफार मिळतं, बाकी शटर खाली. ढाब्यावर गेलात तर मेनूकार्ड उघडायच्या आधी शेजारच्या तीन टेबलांवर काय आहे ते बघा. सगळ्यांसमोर शेवभाजी आणि भाकरी असेल तर तुम्ही मंचुरियन मागवून त्या आचाऱ्याला कशाला अडचणीत टाकता. जेवणानंतर पान खायची हौस असेल तर उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटर. साधं पण मिळतं आणि डोळे फिरतील एवढ्या किमतीचं पण, त्यामुळं तोंडात टाकायच्या आधी भाव विचारा.

रमजानमध्ये हे सगळं टाइमटेबल उलटं होतं. बुढी लेन, शहागंज, सिटी चौकाचा भाग दिवसा शांत आणि रात्री दहानंतर खरा सुरू. त्या महिन्यात एकदा तरी जा, पण भूक ठेवून जा आणि सुट्टे पैसे ठेवा, गर्दीत नेटवर्क लागत नाही आणि मागचा माणूस ढकलत असतो.

डिसेंबर-जानेवारीत हुरडा. शहराबाहेर शेतांवर हुरडा पार्ट्या लागतात, माणशी रेट असतो. बुकिंग करताना विचारा की हुरडा सुरती आहे का गुळभेंडी, सोबत काय काय, आणि जेवण त्याच रेटमध्ये आहे का वेगळं. दुपारी बाराला पोचून उपयोग नाही, सकाळी नऊ-दहाला कोवळी कणसं आगटीत जातात तेव्हा तिथं पाहिजे. त्याच्या आधी, दिवाळीच्या आसपास, दौलताबादच्या रस्त्याला सीताफळवाल्या बाया बसलेल्या असतात. पाटी घ्यायची तर अर्धी पिकलेली आणि अर्धी कच्ची अशी निवडून मागा, नाहीतर सगळी एकाच दिवशी पिकतात आणि रूम पार्टनरला जबरदस्तीनं खाऊ घालावी लागतात.

आणि वेरूळ-अजिंठ्याला पाहुणे घेऊन जाणार असाल तर अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. वेरूळला गेलात तर लेण्यांसमोरच्या हॉटेलात जेवण्यापेक्षा परत येताना खुलताबाद-दौलताबादच्या रोडला थांबा, फक्त शनिवार टाळा, भद्रा मारुतीची गर्दी असते आणि भाकरीला नंबर लागतो.